सहा-सात आठवड्यांचे पिल्लू, गोधडी आणि वाळूचा ट्रे

प्रश्न: सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटे सापडलेले, अंदाजे पाच आठवड्यांचे मांजराचे पिल्लू आम्ही दहा दिवसांपूर्वी घरी आणले. दुकानातून झाकणाचा लिटर बॉक्स आणि सुगंधी, गोळे होणारी वाळू आणून बाल्कनीत ठेवली आहे. पिल्लू कधी त्यात जाते, पण बहुतेक वेळा गोधडीवर, बाथरूमच्या पायपुसण्यावर किंवा तुळशीच्या कुंडीत घाण करते. त्याचे नाक लघवीला लावून पाहिले, फरशी फिनाइलने पुसतो, तरी फरक नाही. सासूबाईंनी गोधडीपाशी डांबराच्या गोळ्या ठेवायला सांगितले आहे. काय करावे?

उत्तर: सर्वांत आधी डांबराच्या गोळ्यांविषयी, कारण ही गोष्ट उद्यावर टाकण्यासारखी नाही. या गोळ्या बहुधा नॅप्थलिनच्या असतात आणि नॅप्थलिनमुळे मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फुटू लागतात. पाऊण किलोही वजन नसलेले पिल्लू गडगडणारी पांढरी गोळी दिसली की ती खेळणे समजून चाटणार आणि चावणार, आणि त्याच्या आकाराच्या मानाने एक गोळीसुद्धा फार होते. सासूबाईंचा हेतू चांगला आहे, पण कपाटातल्या आणि मोरीतल्या सगळ्या गोळ्या आजच उचलून ठेवा. फिनाइलही बंद करा. फिनॉलजातीची रसायने शरीराबाहेर टाकण्यासाठी यकृतात जी यंत्रणा लागते, ती मांजरात कुत्र्याच्या किंवा माणसाच्या तुलनेत फारच दुबळी असते. फरशीवरून चालून आलेले पिल्लू दिवसभर पंजे चाटत असते, त्यामुळे फरशीवरचे सगळे त्याच्या पोटात जाते. पाण्यात ओतल्यावर दुधाळ होणारी जंतुनाशकेही याच कारणासाठी मांजर असलेल्या घरात वापरू नयेत. फरशीला साधे पाणी आणि थोडा भांडी घासायचा साबण पुरे.

नाक लावण्याचा उपाय माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार घरांपैकी एका घरात तरी करून झालेला असतो, म्हणून तुम्हाला दोष देत नाही. पण त्यातून पिल्लू काय शिकते, ते पाहा. लघवी करून झाली, ते दुसरीकडे जाऊन खेळू लागले, मग कोणीतरी मान धरून उचलले आणि तोंड ओल्या कपड्यावर दाबले. या दोन घटनांचा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. त्याला एवढेच कळते की ही माणसे जवळ असताना लघवी करणे धोक्याचे आहे. मग ते तुमच्यासमोर ट्रेमध्येही बसत नाही आणि सोफ्यामागची जागा शोधते, जी तुम्हाला चार दिवसांनी वासावरूनच सापडते.

आता मूळ मुद्दा. मांजराच्या पिल्लाला वाळूत बसायला शिकवावे लागत नाही. जन्मल्यावर साधारण तीन आठवडे त्याला स्वतःहून शी-शू करताच येत नाही. आई चाटते तेव्हाच ती होते, आणि आई नसलेल्या पिल्लांसाठी आम्ही कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने तेच काम करतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती क्षमता येते आणि जवळजवळ त्याच सुमारास सैल, भुसभुशीत काही दिसले की ते पंजाने उकरण्याची प्रेरणाही जागी होते. पाळीव मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या प्रदेशांत राहणारे रानमांजर आहेत, तेव्हा उकरणे आणि झाकणे हे त्यांच्या रक्तातच आहे. मात्र कोणत्या पृष्ठभागावर बसायचे ही आवड याच कोवळ्या आठवड्यांत पक्की होत जाते. तुमचे पिल्लू आज साडेसहा आठवड्यांचे आहे. म्हणजे त्याच्यासमोर सध्या वाळू, गोधडी, पायपुसणे आणि कुंडीतली माती असे चार पर्याय आहेत, आणि त्यांपैकी वाळूचा पर्याय तुम्ही नकळत सर्वांत अवघड करून ठेवला आहे. म्हणून काम शिकवण्याचे नाही, मांडणी बदलण्याचे आहे.

वाळू अवघड कशी झाली, ते एकेक पाहू. बॉक्स बाल्कनीत आहे, आणि रात्री बाल्कनीचे दार बंद होत असणार. दिवसा दार उघडे असले तरी आतल्या खोलीत खेळणाऱ्या पिल्लाला लघवी लागली की उंबरठा ओलांडून तिथवर जाण्याइतकी सवड त्याच्याकडे नसते. या वयात मूत्राशय लहान असते आणि जाणीव होते ती अगदी ऐन वेळी. झाकणाच्या बॉक्सचा काठ मोठ्या मांजराच्या मापाचा असतो आणि झुलते दार डोक्याने ढकलावे लागते. आत सुगंध कोंडलेला असतो, जो आपल्याला फुलांचा वाटतो आणि मांजराच्या नाकाला बोचतो. आणखी एक गोष्ट सांगतो. पहिल्या चार दिवसांत पिल्लू जिथे बसले तिथेच त्याचा वास राहिला, आणि फिनाइलने तो आपल्या नाकाला जाणवेनासा झाला, तरी त्याच्या नाकासाठी तो तिथेच होता.

ट्रेपासून सुरुवात करा. झाकण काढून बाजूला ठेवा. सहा महिन्यांनी हवे तर परत लावा. खरे तर या वयासाठी दुकानातला बॉक्स लागतही नाही. भाजीच्या दुकानात मिळतो तसा उथळ प्लास्टिकचा ट्रे किंवा जुन्या टबाची एक बाजू कापून केलेला ट्रे चालतो. फक्त कापलेली कड पॉलिश पेपरने घासून त्यावर चिकटपट्टी लावा, नाही तर पिल्लाच्या पोटाला ओरखडे येतात. आत शिरण्याच्या बाजूचा काठ पाच-सहा सेंटिमीटरपेक्षा उंच नको. सोपी चाचणी अशी की पिल्लाला ट्रेसमोर उभे करावे. काठ त्याच्या छातीच्या वर जात असेल तर तो उंच आहे. वाळू दोन-तीन सेंटिमीटर पुरे. जाड थर घातला तर पाय रुततात, आणि ज्या जागी पाय रुतावेत त्या जागी बसायला पिल्लू पहिल्या दिवसापासून कचरते.

वाळू कोणती, यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे सर्वांत जास्त चुका होतात. मांजरासाठी वेगळी 'वाळू' विकण्याची कल्पना फार जुनी नाही. 1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एड लो नावाच्या तरुणाने, राख वापरून कंटाळलेल्या शेजारणीला, आपल्याकडची शोषक मातीची दाणेदार पुडी दिली. ती माती म्हणजे आपण चेहऱ्याला लावतो त्या मुलतानी मातीच्याच जातीची. पुढे 1980 च्या दशकात बेंटोनाइटची, म्हणजे ओली झाल्यावर घट्ट गोळा होणारी वाळू आली. बेंटोनाइट आपल्याकडे कच्छमध्ये भरपूर निघते आणि पुण्या-मुंबईत मिळणारी बरीचशी वाळू याच जातीची असते. मोठ्या मांजरासाठी ती उत्तम. तुमच्या पिल्लासाठी नाही, आणि का नाही ते स्वयंपाकघरातच पाहता येईल. वाटीत चमचाभर ही वाळू घ्या, तिच्यावर दोन चमचे पाणी ओता आणि दहा मिनिटांनी बोट लावून बघा. दाणे फुगून त्यांचा मळलेल्या कणकेसारखा चिकट गोळा झालेला असेल. या वयाचे पिल्लू जगाची ओळख तोंडाने करून घेते आणि वाळूचे दाणे सर्रास चावून गिळते. वाटीत झाला तसा गोळा त्याच्या आतड्यात होऊ नये, म्हणून निदान तीन महिन्यांचे होईपर्यंत गोळे होणारी वाळू टाळावी असे मी सांगतो.

तोवर लाकडाच्या किंवा कागदाच्या दाबून केलेल्या गोळ्या वापराव्यात. ओल्या झाल्या की त्यांचा भुसा होतो, गोळा नाही. ते परवडत नसेल तर बारीक फाडलेले वर्तमानपत्र चालते, मात्र ते दिवसातून दोनदा बदलावे लागते आणि त्याला उकरण्याची मजा कमी असते. लाकडाच्या वखारीतला भुसा वापरणार असाल तर तो निव्वळ लाकडाचा आहे ना, हे विचारून घ्या. प्लायवूड कापणाऱ्याकडच्या भुशात डिंक आणि रसायने असतात आणि त्याची धूळ नाकात जाऊन पिल्लू शिंकत बसते. बांधकामाची क्रश सँड टोकदार असते, कोवळ्या पंजाला बोचते. चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली नदीची वाळू मात्र चांगली, फक्त ती काही शोषून घेत नाही, त्यामुळे वास लवकर येतो. कोकणात अजून काही घरी चुलीतली राख वापरतात. राख ओली झाली की तिचे पाणी क्षारयुक्त होते आणि तेच पंजे पिल्लू चाटते, म्हणून माझा तिला विरोध आहे, जरी माझ्या आजीच्या घरची सगळी मांजरे राखेवरच वाढली.

तुळशीच्या कुंडीबद्दल तुम्ही लिहिले आहे ते मला आशादायक वाटते. पार्किंगमध्ये जन्मलेल्या पिल्लाला मातीची ओळख आधीच आहे आणि ते माती शोधते आहे, म्हणजे उकरून बसण्याची सवय त्याला आहेच. या सवयीचा उपयोग करून घ्या. कुंडीतलीच थोडी माती कडक उन्हात वाळवून मूठभर नव्या ट्रेमध्ये मिसळा. पुढचे दहा-बारा दिवस प्रत्येक वेळी थोडी कमी करत जा. त्याच वेळी कुंडी बंद करा. तुळशीच्या बुंध्याभोवती नारळाच्या करवंट्या पालथ्या मांडल्या की पाणी घालायला अडचण येत नाही आणि पिल्लाला उकरायला जागाही राहत नाही. गुळगुळीत गोटेही चालतात.

जागेबाबत एवढे पाळा की ट्रे आतल्या खोलीत, कोपऱ्यात, पाण्या-जेवणाच्या वाटीपासून निदान पाच-सहा फूट लांब आणि वॉशिंग मशिनपासून दूर असावा; एकदा बसलेले असताना मशिन सुरू होऊन धडधडले की पुढचे चार दिवस ते तिकडे फिरकत नाही. पहिला आठवडा पिल्लाला पूर्ण घर देऊ नका. एका लहान खोलीत त्याचे अंथरूण, वाटी आणि ट्रे ठेवून तुम्ही घरात नसाल तेव्हा आणि रात्री त्याला तिथेच ठेवा. पुष्कळ जण यासाठी बाथरूम निवडतात. पण आपल्याकडच्या बाथरूमची फरशी ओली असते आणि जाळीच्या भोकातून येणाऱ्या वासामुळे पिल्लाला तीच लघवीची जागा वाटते. मग ते आयुष्यभर मोरीच्या जाळीवर बसते, ही सवय मोडणे गोधडीच्या सवयीहून अवघड असते. पायपुसण्यावर बसण्याची सवय त्याला इथूनच लागली असण्याची शक्यता आहे. ट्रेची सवय बसेपर्यंत बाथरूमचे दार बंद आणि पायपुसणे उचललेले ठेवा.

आता वेळ. पिल्लू झोपून उठल्यावर लगेच, जेवल्यावर पाच ते वीस मिनिटांत आणि जोरात खेळता खेळता मध्येच थांबून जमीन हुंगू लागले की, या तीन वेळा तुम्ही पकडायच्या आहेत. पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते, त्यामुळे जेवणानंतरची वेळ सर्वांत भरवशाची असते. म्हणून वाटी दिवसभर भरलेली ठेवण्याऐवजी ठरलेल्या वेळी चार वेळा खायला द्या. वेळ झाली की पिल्लाला शांतपणे उचलून ट्रेमध्ये ठेवा आणि स्वतःच्या बोटाने गोळ्यांमध्ये दोन-तीनदा उकरून दाखवा. त्या खरखर आवाजाने त्याचे लक्ष वेधले जाते. त्याचे पंजे धरून उकरायला लावू नका, पकडलेले पंजे कोणत्याच मांजराला आवडत नाहीत. ते बाहेर आले तर येऊ द्या, पाच मिनिटांनी पुन्हा ठेवा. बसले तर मध्येच कौतुक करून दचकवू नका. झाकून बाहेर आले की लगेच आवडीच्या खाण्याचा एक कण द्या. चुकून गोधडीकडे जाऊन गोल फिरताना दिसले तर न ओरडता उचलून ट्रेमध्ये ठेवायचे, एवढेच.

ट्रे साफ करण्याबद्दल माझा सल्ला थोडा उलटा आहे. पहिले चार-पाच दिवस शी काढून टाका, पण ओल्या झालेल्या गोळ्यांपैकी चमचाभर तिथेच ठेवा. तो वासच पिल्लाला जागा सांगतो. त्यानंतर मात्र सकाळ-संध्याकाळ सफाई हवी. त्यासाठी स्वयंपाकघरातला जुना झारा उत्तम, फक्त त्याच्या दांड्याला लाल दोरा बांधून तो कायमचा वेगळा करा. आठवड्यातून एकदा ट्रे गरम पाणी आणि साबणाने घासून उन्हात वाळवा. काढलेली घाण कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत टाका, संडासात नको. पुढे बेंटोनाइट वापरायला लागाल तेव्हा तर अजिबात नको, कारण वाटीतला तो प्रयोग पाइपमध्येही होतो. घरात कोणी गरोदर असेल तर ट्रेचे काम तिच्याकडे देऊ नये. मांजराच्या शीतून जाणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस घेतात, म्हणून रोजची सफाई हाच मोठा बचाव आहे, आणि काम कोणीही करो, हात साबणाने धुवावेत. पावसाळ्यात कागदाच्या गोळ्यांना दमट हवेत बुरशी येते. तेव्हा थर पातळ ठेवून बदल लवकर करा.

आता एक गोष्ट माझ्या चुकीची. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सात आठवड्यांचे एक पांढरे पिल्लू आणत असत. लघवी ट्रेमध्ये, शी मात्र नेहमी ट्रेच्या बाहेर, अगदी काठाला लागून. मी आधी वाळू बदलायला सांगितली, मग ट्रे, मग जागा. तिसऱ्या वेळी त्यांनी कंटाळून डबीत शीचा नमुनाच आणला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल जंतांची अंडी आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) दोन्ही दिसले. पोटात कळ येऊन पातळ शी होत असलेल्या त्या पिल्लाला ट्रेमध्ये पोचेपर्यंत धीर निघत नव्हता, आणि मी तीन आठवडे त्याच्या मालकांना प्लास्टिकचे ट्रे विकत घ्यायला लावत होतो. तेव्हापासून मी ट्रेबद्दल बोलण्याआधी शीबद्दल विचारतो. तुम्हीही हे पाहा: शी सैल आहे का, तिच्यात रक्त किंवा शेवयांसारखे जंत आहेत का, लघवीला बसून पिल्लू कुंथते का, पुन्हा पुन्हा जाऊन थेंबभरच होते का. दिवसभर लघवी झाली नाही किंवा दोन दिवस शी झाली नाही, तर वाट पाहू नका. त्याला जंताचे औषध दिले नसेल तर जवळच्या पशुवैद्यांकडे वजन करून घ्या आणि वजनाप्रमाणेच औषध द्या. या वयात ते दर दोन आठवड्यांनी द्यावे लागते. आणि गाईचे दूध देत असाल तर बंद करा. अनेक पिल्लांना त्यातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि आपण त्याला सवयीचा दोष देत राहतो.

सवय बसली की तीन-चार महिन्यांच्या सुमारास गोळे होणारी, बिनवासाची वाळू जुन्या गोळ्यांमध्ये थोडी थोडी मिसळत दोन आठवड्यांत पूर्ण बदला, आणि ट्रे मोठा घ्या. मोठ्या मांजराला नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांब ट्रे लागतो. दुसरे मांजर आणाल तेव्हा ट्रे तीन हवेत. पिल्लू बोका असेल तर पाच-सहा महिन्यांनंतर भिंतीला पाठ करून, शेपटी थरथरवत उभ्या उभ्या फवारा मारू लागेल. तो ट्रेचा प्रश्न नसतो, वयात आल्याची खूण असते, आणि त्याआधी नसबंदी केली तर बहुतेक बोक्यांत तो सुरूच होत नाही.

राहिली गोधडी. मऊ, शोषून घेणारी, आणि आता त्याच्याच वासाने भरलेली, म्हणून पिल्लासाठी ती ट्रेसारखीच आहे. आज ती थंड पाण्यात भिजवा, नंतर विकरयुक्त (एन्झाइम असलेल्या) धुण्याच्या पावडरीच्या पाण्यात रात्रभर ठेवा, शेवटच्या पाण्यात पाव कप पांढरे व्हिनेगर घाला आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवा. अमोनिया असलेले क्लीनर वापरू नका. लघवीतून अमोनियाच निघतो, त्यामुळे तो वास पिल्लाला आमंत्रणच वाटतो. वाळलेली गोधडी कपाटात ठेवा. सलग दोन आठवडे घरात एकही चूक झाली नाही, तरच ती बाहेर काढा, आणि तीही आधी झोपायला नव्हे: घडी करून जमिनीवर टाका आणि तीन-चार दिवस पिल्लाची जेवणाची वाटी तिच्यावर ठेवा. जिथे जेवते तिथे मांजर सहसा घाण करत नाही. वाटी हलवल्यावरही ती कोरडी राहिली, तर सासूबाईंना ती परत पांघरायला द्यायला हरकत नाही.